"भंगारातल्या डब्यात शिजवतात" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला मालकाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्रीच वाचला होता, पण तेव्हा डोकं गरम होतं म्हणून गप बसलो. आज सोमवार, आपलं बंद असतंय, चहा घेऊन निवांत लिहितोय त्यामुळं जरा लांबेल. आपल्याकडं मटण-चिकन बंद डब्यात कोळसा-लाकडाच्या मंद आचेवर आणि धुरावर शिजतं, त्यावरनंच हा सगळा विषय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मटण गुलाबी म्हणजे कच्चं होतं, चिकन कडू लागलं, दीड तास ताटकळत ठेवलं, प्लेटला ४२० रुपये घेऊन वर रस्सा पण नाही, आणि हे सगळं "भंगारातल्या डब्यात काचेचा कापूस भरून" शिजवतात, तो कापूस पोटात जात असंल.

चिकनचं आधी घेतो कारण तिथं तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. चूक आमची. शनिवारी सकाळपासनं पाऊस धो धो, कोळसा सर्दावलेला, पेटंना म्हणून आमच्या पोरानं पेटलेला कोळसा पहिल्यालाच जास्त घातला. आता साध्या बॅरलमध्ये हे खपून जातं, पत्र्यातनं उष्णता बाहेर पळते आणि पंधरा-वीस मिनिटात तापमानाचा काटा खाली येतो. आपला डबा इन्सुलेटेड, म्हणजे उष्णता बाहेर न सोडणारा आहे, त्याचा फायदा तोच त्याचा तोटा, एकदा चढला की उतरायचं नाव घेत नाही. काटा गेला १६० डिग्रीवर. दार उघडावं तर आत हवा जाऊन कोळसा आणखी भडकतो, म्हणून त्यानं खालची हवेची झडप पूर्ण बंद केली, आणि तिथंच घोळ झाला. हवा तुटली की लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतं, पांढरा जाड धूर सुटतो आणि तो ओल्या चिकनवर काजळीसारखा बसतो. तेच कडू. चांगला धूर पातळ निळसर असतो, चिमणीकडं निरखून बघितलं तरच दिसतो. आपल्या कोल्हापुरात कौतुकानं म्हणतात ना, जाळ अन् धूर संगटच, पण आमच्या धंद्यात जाळ दिसला तर माल करपला आणि धूर दिसला तर कडू झाला, दोन्ही दिसाय नकोत! मी साडेबाराला आलो तेव्हा वास आल्या आल्या ती बॅच बाजूला काढायला पाहिजे होती. गिऱ्हाईक बसलेलं बघून काढली नाही, लोभ झाला, दुसरं काय.

पण मटणाचं मी ऐकून घेणार नाही.

तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. गुलाबी कुठं आहे? कडेला, वरच्या काळपट थराच्या खाली, पाच-सहा मिलीमीटरची पट्टी. आणि मधे मटण तपकिरी आहे, हाडाजवळ दोरे दोरे सुटलेत. कच्चं मटण याच्या बरोबर उलटं दिसतं, बाहेरनं शिजलेलं आणि मधे लाल. लाकूड-कोळसा जळताना जो वायू निघतो, नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, तो मटणातल्या लाल रंगाला, म्हणजे मायोग्लोबिनला धरतो आणि मग तो रंग कितीबी शिजवलं तरी जात नाही. ही पट्टी पहिल्या काही तासातच बनते, मटण आतनं गरम व्हायच्या आधी. म्हणून आम्ही फरा, म्हणजे खांद्याचा अख्खा तुकडा, थंडगारच आत ठेवतो. परदेशात लोक या पट्टीचे फोटो काढून मिरवतात आणि आपल्याकडं तिच्यामुळं स्टार कापले जातात. तुमचा फरा बाहेर काढला तेव्हा आत ९३ डिग्री होता, सळईचा थर्मामीटर खुपसून मी स्वतः बघितलंय. चिकन ७४ डिग्रीला खायला सुरक्षित मानतात, मटण तर त्याच्या कितीतरी पुढं गेलेलं होतं.

आता दीड तासाचं. १ वाजता मिळेल असं सांगितलं आणि अडीच झाले, बरोबर. फरा ७० डिग्रीच्या आसपास आला की काटा तिथंच अडकून बसतो, कधी तास, कधी दोन-अडीच तास. मटणाला घाम सुटतो आणि तो वाळताना मटण गार करत राहतो, माठातलं पाणी गार राहतं ना, तसलाच प्रकार. जाळ वाढवला तर लवकर होईल, पण मग चामड्यासारखं लागतं, कारण आतली चिवट नस विरघळायला वेळच लागतो. पहाटे ५ ला आत गेलेला माल कधी १२ ला होतो, कधी अडीचला. हे तुम्हाला बसवतानाच सांगायला पाहिजे होतं, "झालंच, दहा मिनिटं" असं चार वेळा सांगायला नको होतं. हे पोराला बोललोय.

आणि डबा. दादा, डब्याला भंगार म्हटलं की जरा लागलंच हो.

पहिला डबा खरंच भंगारातला होता, मान्य. २०० लिटरचं बॅरल, आतलं रंगरोगण जाळून काढलेलं, त्याच्यावर दोन वर्षं काढली. उन्हाळ्यात झ्याक चालायचं. जून लागला की रडगाणं सुरू, आपला पाऊस तुम्हाला माहितीय, बॅरलच्या पत्र्यावर सर पडली की काटा ३०-४० डिग्री खाली, मग कोळसा घाला, मग तो भडकणार, मग झडप दाबा. दिवसाला ९-१० किलो कोळसा जायचा आणि माल एकसारखा कधी नाही. तेव्हा डोक्यात आलं की आपण राहतोय कुठं? एवढ्या फौंड्र्या आहेत शिरोलीला, उद्यमनगरला, गोकुळ शिरगावला, वितळलेल्या लोखंडाची उष्णता अडवणारी माणसं गल्लीगल्लीत आणि मी ११० डिग्रीला रडतोय.

मग उद्यमनगरात बसून बनवून घेतला. आतला डबा ३ मिलीमीटर एमएस, म्हणजे साध्या पोलादी पत्र्याचा, बाहेरचा पातळ, मधे २ इंच सिरॅमिक ब्लँकेट. तुम्ही ज्याला काचेचा कापूस म्हणताय ते हेच, पण ग्लासवूल नव्हे. ग्लासवूलमध्ये चिकटवायला रेझिन असतं, ते जास्त तापलं की जळून वास मारतं. हे ब्लँकेट नुसत्या सुयांनी गुंफलेलं असतं, १२६० डिग्रीचं रेटिंग आहे, भट्टीच्या आतनं लावतात. त्याचे तंतू नाकातोंडात जाणं चांगलं नाही हे मात्र खरं, मी पण भरताना मास्क-हातमोजे घालूनच होतो, आणि म्हणूनच आतल्या डब्याची प्रत्येक शिवण सलग वेल्डिंगनं बंद केलीय, टाके मारून सोडलेली नाही. पाणी भरून लीक बघितलं. मटणाच्या बाजूनं एक दोरा आत यायला जागा नाही. तुम्हाला जे पांढरं दिसलं ते दाराच्या कडेचा दोर, बॉयलरच्या दाराला बसवतात तसला विणलेला, बाहेरच्या अंगाला आहे.

जीआय पत्रा स्वस्त पडत होता, तो मुद्दाम घेतला नाही. जस्ताचा मुलामा जाळाजवळ नको. जीआयला वेल्डिंग करून रात्री थंडी-ताप कसा भरतो ते उद्यमनगरातल्या कुठल्याबी वेल्डरला विचारा. चूक एक केली होती, आतला आणि बाहेरचा डबा सरळ चौकोनी पाइपनं जोडला, तर पाइपातनंच उष्णता बाहेर यायला लागली, बाहेर चार कोपऱ्यात हात भाजायचा. ते तोडून मधे सिरॅमिक बोर्डाचे तुकडे घातले. नंतर आतनं तेल चोळून रिकामा डबा दिवसभर तापवला, पत्रा कापताना लागलेल्या कटिंग ऑइलचा वास जाईस्तोवर, आणि मगच पहिला फरा आत गेला. आता भर पावसात बाहेरच्या पत्र्यावर हात ठेवा, कोमट लागतो, आणि ८ तासाला साडेतीन-चार किलो कोळशात भागतं. लाकूड आंब्याचं आणि थोडं चिंचेचं, वर्षभर शेडमध्ये वाळवलेलं, पॉलिश-रंगाचा एक तुकडा नाही.

आज्जाचं गुऱ्हाळ होतं आमच्या. चुलवाणात, म्हणजे भट्टीत, चिपाड किती आणि कधी टाकायचं हे तो नुसत्या काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या कढईच्या आवाजावरनं सांगायचा. मला अजून काटा बघावा लागतोय.

४२० चं म्हणाल तर मटणाचा दर तुम्हीच बघा. किलोभर फरा आत जातो, पाणी आटून हाड काढलं की खायचं मटण अर्ध्या किलोलासुद्धा कमीच भरतं, त्यातलं १५० ग्रॅम तुमच्या प्लेटमध्ये. याच्यात कमी करायला मला जागा दिसत नाही.

रस्सा नाही हा आरोप मात्र मान्य, कोल्हापुरात मटण लावायचं आणि तांबडा-पांढरा द्यायचा नाही म्हणजे गुन्हाच. आईचं पण हेच चाललंय पहिल्या दिवसापासनं. या शनिवारपासनं त्याच फऱ्याच्या हाडांचा पांढरा करतोय, आई येणार आहे करायला, वाटी फुकट.

चिकनचे पैसे परत घेऊन जावा. फुलेवाडी रिंगरोडला शनिवार-रविवार कधीबी या, बिल शोधत बसू नका, गल्ल्यावर पोराला नुसतं "कडू चिकन" म्हणा, त्याला कळतंय. आणि वेळ असला तर ११ च्या आधी या, डब्याचं दार उघडून दाखवतो, आत हात फिरवून बघा.