एलईडी फ्लोअर घेताय? आधी पाय ठेवून बघा, चित्र नंतर

जिम, सोसायटीचं क्लबहाऊस, मॉलमधला गेम झोन, सगळीकडे पायाखाली उजळणारे एलईडी फ्लोअर बसवायची हौस वाढली आहे. ती हौस मला मनापासून आवडते. मोबाइलला चिकटलेल्या मुलांना हे फ्लोअर तासभर पळवतं. पण कोटेशन हातात आलं की सगळी चर्चा पिक्सेल पिचवर, म्हणजे दोन ठिपक्यांमधल्या अंतरावर, अडते आणि पैसाही तिथेच जातो, हे मात्र पटत नाही.

३ मीटर बाय ३ मीटरची जागा धरा. अर्ध्या मीटरची ३६ पॅनेल लागतात. पी ३.९१ च्या (पिच ३.९१ मिलिमीटर) एका पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात, पी ६.२५ मध्ये ८० बाय ८०. पळणाऱ्याला कुठला चौकोन लाल, कुठला हिरवा एवढंच कळायला हवं. त्याला ६.२५ पुरून उरतो. वाचलेले पैसे सेन्सरवर घाला.

कारण खेळाचा विचका होतो तो उशिरामुळे. सेन्सरने पाय टिपायचा, कॉम्प्युटरने ठरवायचं, कार्डने चित्र पाठवायचं. यात ६० हर्ट्झला वाया गेलेली प्रत्येक फ्रेम १७ मिलिसेकंद खाते. डेमोच्या वेळी मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर लावून जमिनीलगत धरा. बूट टेकल्यापासून रंग बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. २४ फ्रेमच्या, म्हणजे साधारण १०० मिलिसेकंदांच्या, पुढे गेलं तर रिअ‍ॅक्शन ड्रिलसाठी (रंग दिसताच झटकन हलायच्या सरावासाठी) ते फ्लोअर घेऊ नका.

प्रेशर सेन्सरवालं पॅनेल एका कोपऱ्यात जरी उचललेलं राहिलं, तरी कुणी उभं नसताना टच लागतो. म्हणून पॅनेलच्या पायांचे स्क्रू फिरवून लेव्हल आधी, कॅलिब्रेशन (सेन्सर जुळवणं) नंतर. तेही फ्लोअर अर्धा तास चालवून, तापल्यावर. इन्फ्रारेड सेन्सर असेल तर खिडकीतलं ऊन थेट पडू देऊ नका.

आता सगळ्यात कळकळीचं. आरसीसीबी म्हणजे प्रवाह अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा स्विच. ‘आरसीसीबी सारखा पडतो’ म्हणून काही ठिकाणी तो चक्क बायपास करतात. तो का पडतो, ते बघा. प्रत्येक पॅनेलच्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थिंगकडे जातोच. एकाचा १ मिलिअँपिअर धरला तर ३६ चा ३६, आणि आरसीसीबी ३० चा! बिघाड काहीच नसतो, तरी तो पडणारच. पॅनेल ४ सर्किटमध्ये वाटा, प्रत्येकाला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या. घामाचे पाय आणि ओलं फडकं जिथे रोज लागतं, तिथे ही सुरक्षा काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. लोडही आधी मोजा: पॅनेलच्या माहितीच्या प्लेटवर कमाल ७०० वॅट प्रति चौरस मीटर असेल, तर ९ चौरस मीटरला ६.३ किलोवॅट.

पृष्ठभाग मॅट हवा. घामाचे चार थेंब टाकून त्यावर बूट घासून बघा, डेमोवाल्याला राग आला तरी. २०२४ च्या एनबीए ऑल-स्टारला इंडियानापोलिसमध्ये डंक आणि थ्री-पॉइंट स्पर्धा एलईडी काचेच्या कोर्टवर झाल्या, मुख्य सामना मात्र लाकडी कोर्टवरच. तो एलईडी कोर्ट खास खेळासाठी घडवलेला होता. आपल्याकडे बसतं ते बहुतेक स्टेजसाठीचं पॅनेल, काँक्रीटवर धातूच्या पायांवर उभं. त्याला लवचीकपणा नाही. त्यावर रोज दोरीच्या उड्या नकोत, गुडघे बोलायला लागतात.

आणि ऑर्डर देतानाच त्याच बॅचची २ पॅनेल जादा मागून ठेवा. वर्षभराने वेगळ्या बॅचचं आणलं तर पांढऱ्या रंगावर तो चौकोन उठून दिसतो.