अमेझमध्ये ०डब्ल्यू-२० ऑईल का घातलं: आपल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या गॅरेजला एक तारा दिलात आणि त्याची कारणंही लिहिलीत. ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात आम्ही तुमच्या होंडा अमेझमध्ये "पाण्यासारखं पातळ" ऑईल घातलं, त्याचे पैसे जास्त लावले, थोड्याच दिवसांत ते काळं पडलं आणि सकाळी गाडी चालू केली की टकटक ऐकू येते. आधीचे मेकॅनिक २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल घालायचे तेव्हा इंजिन शांत होतं, असंही तुम्ही म्हटलंय. हीच शंका काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी २०१८ ची, १.२ लिटर पेट्रोल. कंपनीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये तिच्यासाठी ०डब्ल्यू-२० लिहिलंय. हे ऑईलच्या जाडीच्या ग्रेडचं नाव, डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा गरम इंजिनातल्या जाडीचा. आम्ही तेच घातलं. पातळ ऑईल नवीन आलंय म्हणून सगळ्यांना सरसकट घालतो, असं आमच्याकडे होत नाही.

आता उन्हाचं. बाहेर ४३ अंश असताना पातळ ऑईल टिकेल कसं, ही शंका अगदी रास्त वाटते. पण इंजिनातलं ऑईल बाहेरच्या हवेवर चालत नाही. थर्मोस्टॅट, कूलंट आणि रेडिएटरचा पंखा मिळून इंजिन एका ठरावीक तापमानाला धरून ठेवतात. गाडी नीट गरम झाली की ऑईल ९० ते १०० अंशांच्या आसपास जातं, मग तुम्ही मे महिन्यात सोलापुरात असा की जानेवारीत महाबळेश्वरला. म्हणून तर ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांना मोजलेल्या जाडीवरून ठरतो. २० ग्रेडचं ऑईल त्या तापमानाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असावं लागतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. तुमच्या इंजिनाचा ऑईल पंप, बेअरिंगा आणि ऑईल जाण्याच्या बारीक वाटा २० ग्रेडच्या जाडीचा हिशोब करून बनवल्यात. त्यात दुप्पट जाडीचं ऑईल घातलं तर ते ढवळण्यातच इंजिनाची ताकद जाते आणि बेअरिंगांमध्ये उष्णताही जास्त तयार होते. उकाड्यावर उपाय म्हणून जे घालायचं, तेच जास्त तापतं.

शिवाय हाताला पातळ लागणारं हे ऑईल गार असताना तितकं पातळ नसतंच. ४० अंशांना ०डब्ल्यू-२० साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक भरतं, म्हणजे गरम इंजिनातल्यापेक्षा पाचपट जाड. २०डब्ल्यू-५० त्याच ४० अंशांना दीडशेच्या पुढे जातं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करता तेव्हा सगळं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. तिथून ते वर हेडपर्यंत पोचायला जितका वेळ लागेल तितका वेळ वरचे भाग जुन्या थरावरच घासतात. तुमच्या इंजिनात आय-व्हीटेक, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची रचना आहे. त्यातल्या रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) पिना ऑईलच्या दाबावर सरकतात, त्यामुळे ऑईल वेळेवर आणि नेमक्या जाडीचं पोचणं तिथे फारच महत्त्वाचं. बोटांत चोळून "यात दम नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या अनुभवी माणसांना मी हे करताना पाहिलंय, त्यांचा मान राखून सांगतो, बोटांना त्या ऑईलचं १०० अंशांचं वागणं कळूच शकत नाही.

टकटकीबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण तीच खरी कामाची माहिती आहे. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हचा गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. तो गॅप स्क्रू आणि नटाने सेट करायचा असतो, फीलर गेज (मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, आणि हिशोब शतांश मिलिमीटरचा. ठरावीक किलोमीटरनंतर तो तपासायचा असतो, पण बहुतेक गाड्यांचा कधीच तपासला जात नाही. गॅप वाढला की सकाळच्या गार इंजिनात टकटक येते. घट्ट ऑईल तो आवाज दाबतं, गॅप होता तिथेच राहतो. म्हणजे २०डब्ल्यू-५० असताना इंजिन शांत होतं हे तुमचं म्हणणं खरं असणार, फक्त त्या शांततेवर मी भरवसा ठेवणार नाही. आवाज बंद करण्यासाठी जाड ऑईल घालून द्या असं तुम्ही म्हणालात, तरी मी ते करणार नाही. त्याऐवजी हेडचं कव्हर खोलून गॅप मोजीन.

ऑईल काळं पडण्याबद्दल. जुनं ऑईल काढलं त्या दिवशी तुमच्या फिलर कॅपच्या (ऑईल ओतायच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर बसलेला होता. तुम्ही शेजारीच उभे होतात, आमच्या गॅरेजमधल्या मुलाने कॅप उलटी करून तुम्हाला दाखवली होती. ड्रेन नट काढून कितीही वेळ वाट पाहिली तरी थोडं जुनं ऑईल आत राहतंच, आणि असा थर फडक्याने पुसून निघत नाही. नव्या ऑईलमधले डिटर्जंट हळूहळू तो सोडवतात आणि काजळी आपल्यात धरून ठेवतात. ऑईल त्यानेच काळं होतंय. अशा इंजिनात ते महिनोन् महिने मधासारखं सोनेरी राहिलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. खरी तपासणी डिपस्टिकवर करा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा दुधाळ रंग दिसला तर लगेच फोन करा.

पैशांचं थोडक्यात. ०डब्ल्यू ग्रेड साध्या मिनरल बेसमधून होत नाही, सिंथेटिक बेस लागतो, म्हणून लिटरमागे दर जास्त. चार लिटरचा सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडला, त्यावर एपीआय एसपी हा ऑईलच्या दर्जाचा शिक्का लिहिलेला तुम्हाला दाखवलं आणि उरलेलं ऑईल त्याच कॅनमध्ये डिक्कीत ठेवून दिलं. सुटं ऑईल आम्ही ठेवत नाही. याने ॲव्हरेज किती वाढेल, असं विचाराल तर एक-दोन टक्के, फार तर थोडं पुढे. याहून मोठा आकडा कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक विनंती. हे वाचून प्रत्येकाने ०डब्ल्यू-२० मागू नये. जुनी ओम्नी किंवा मारुती ८०० आली तर आम्ही आजही २०डब्ल्यू-४० घालतो, कारण ती इंजिनं त्याच काळातली आहेत. मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिल्या असतील आणि इंजिन ऑईल खात असेल, तर त्यातली जाड घ्यायला हरकत नाही. पुस्तकापेक्षा पातळ जाऊ नका. नव्या मारुतीत ०डब्ल्यू-१६ चालतं म्हणून आपल्या जुन्या गाडीत तेच घाला, असा हट्ट धरणाऱ्यांनाही आम्ही परत पाठवतो. आणि बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर जाडीच्या आधी डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) चालणारं कमी राखेचं ऑईल आहे का ते बघावं. चुकीच्या ऑईलने फिल्टर चोंदला तर खर्च कुठच्या कुठे जातो.

साहेब, गाडी घेऊन या. शक्यतो आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सोडा, कारण गॅप मोजायला इंजिन पूर्ण गार लागतं. सकाळी पहिलं स्टार्टिंग तुमच्यासमोर करू, आवाज दोघं मिळून ऐकू, मग कव्हर खोलू. तपासण्याचे पैसे घेणार नाही. सेटिंग करावं लागलं तर मजुरी आणि गॅस्केट खराब निघालं तर त्याची किंमत, दोन्ही काम सुरू करण्याआधी सांगू, तुम्ही हो म्हणालात तरच पुढे जाऊ. डिक्कीतला कॅन सोबत असू द्या, पातळी कमी दिसली तर त्यातलंच घालता येईल. रविवारी गॅरेज बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी चालेल.