‘कोणीही लिहितं’ म्हणून माहिती खोटी ठरत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो: लोकांनी चालवलेल्या साइटवर कोणीही काहीही लिहितं, म्हणून आपल्या शहराची खात्रीची माहिती हवी तर कंपन्यांच्याच साइट पाहा. त्यासोबत तीन कारणं असतात. तिन्ही मला पटत नाहीत.

पहिलं कारण, ‘कोणीही लिहितं’. पण गूगल मॅप्सवर आपल्या नागपुरातल्या बर्डीतल्या हॉटेलांचे फोटो आणि रिव्ह्यू कोण टाकतं? तुमच्याआमच्यासारखी बिनपगारी माणसंच. फरक पुढे आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, कोणत्या खात्यावरून, कधी, काय बदललं याचा इतिहास कोणालाही उघडून पाहता येतो आणि चूक मागे घेता येते. कंपनीच्या साइटवरून एखादा रिव्ह्यू का गायब झाला, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो.

दुसरं, ‘कंपनी पैसा ओतते, म्हणून माहिती पूर्ण असते’. दुकानांपुरतं हे बरंचसं खरं आहे. धरमपेठेतलं हॉटेल किती वाजता बंद होतं, ही माहिती कंपनीच्या साइटवर लवकर सुधारली जाते, कारण मालकालाच त्याची गरज असते. पण शहर म्हणजे नुसती दुकानं नव्हेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. लेकरू कडेवर घेऊन स्टेशनवर उतरलेल्या बाईला पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचालय, घटकाभर टेकायला जागा आणि पायी जायची वाट हवी असते. नळाची जाहिरात कोण देणार? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नळ, शौचालय, बाक, पायवाट, सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. अजून कोणी त्या भरल्या नसतील तिथे नकाशा रिकामाच दिसतो, ही मोठी उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. पण ती भरून काढायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय व्यापारी याद्यांमध्ये पैसे भरणारा वर दिसतो, हेही विसरू नये.

तिसरं, ‘लोकांच्या साइट बंद पडतात, कंपन्या टिकतात’. कंपनी टिकते, पण तिची सेवा टिकेलच असं नाही. लोकांकडून नकाशे भरून घेणारं मॅप मेकर गूगलने 2008 मध्ये सुरू केलं आणि 2017 मध्ये बंद केलं. विकिट्रॅव्हलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 2003 मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर सुरू झालेली ही प्रवासाची साइट 2006 मध्ये एका कंपनीने विकत घेतली. पुढे लिहिणारे नाराज झाले आणि वेगळे व्हायला निघाले, तेव्हा 2012 मध्ये कंपनीने त्यांच्यातल्या दोघांवर दावा ठोकला. तरीही मजकूर खुल्या परवान्याखाली, म्हणजे कोणालाही पुन्हा वापरता येईल असा होता, म्हणून तो त्यांना सोबत नेता आला. 2013 पासून तो विकिव्हॉयेज या नावाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाकडे आहे. तिथे इंग्रजीत नागपूरचंही पान आहे. त्यात भर घालायला खातं उघडावं लागत नाही.