ग्रँटच्या हट्टापायी तेरा हजार मेले?

अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं, मुंबईला आठवतं ते कापसाच्या तेजीमुळे आणि १८६५ साली शेअर कोसळले त्यामुळे. सध्या ग्रुपांवर फिरतोय तो मजकूर त्याच युद्धातल्या कैद्यांचा. त्याचं म्हणणं असं: जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या छावणीत उत्तरेचे जवळपास तेरा हजार सैनिक मेले ते उत्तरेचा सेनानी ग्रँटने कैद्यांची अदलाबदल बंद केली म्हणून, दक्षिणेकडे अन्नच नव्हतं, पहारेकरीही तेच खात, आणि उत्तरेने न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या एल्मायराच्या कैदी-छावणीत वेगळं काय केलं?

आधी तारखा. अदलाबदलीचा करार जुलै १८६२चा. शिपायाला शिपाई, कॅप्टनला सहा शिपाई, असा दरही ठरलेला. उत्तरेने काळे सैनिक भरती केले आणि करार फाटला. मे १८६३मध्ये दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला: पकडलेले काळे सैनिक राज्यांच्या हवाली करायचे, त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा. त्याच उन्हाळ्यात सरसकट अदलाबदल थांबली. अँडरसनव्हिलला पहिले कैदी आले फेब्रुवारी १८६४च्या अखेरीस. ग्रँट सरसेनापती झाला मार्चमध्ये. सुटलेला शत्रू पुन्हा लढायला येतो, हा हिशेब त्याने ऑगस्टमध्ये लिहून ठेवलाय, तो नाकारायचं कारण नाही. पण ऑक्टोबरात दक्षिणेचे सेनापती ली यांनी अदलाबदल सुचवली तेव्हा ग्रँटने विचारलं, काळे सैनिकही धरणार का? ली यांचं उत्तर: आमच्या नागरिकांच्या मालकीचे काळे सोडून. बोलणी तिथेच आटोपली.

आता 'अन्नच नव्हतं'. टंचाई खरी होती, पहारेकऱ्यांचा शिधाही तसाच होता. पण माणसं नुसती उपाशी मेली नाहीत. हगवण, आमांश आणि स्कर्व्हीने मेली. मक्याचं पीठ न चाळलेलं, कणसाच्या बुरकुंडासकट दळलेलं. आधीच बिघडलेलं आतडं त्याने सोलवटायचं. भाजीपाला जवळजवळ नाही, म्हणून स्कर्व्ही. त्यात जागा. दहा हजारांसाठी आखलेलं साडेसोळा एकरांचं आवार जूनमध्ये साडेसव्वीस एकरांचं केलं, म्हणजे शिवाजी पार्कच्या मैदानापेक्षा थोडं लहान. ऑगस्टमध्ये त्यात सुमारे तेहेतीस हजार माणसं. सभेला त्या मैदानात याहून जास्त मावतात, पण ती रात्री घरी जातात. डोईमागे पस्तीस चौरस फूट. त्यातून मधली दलदल आणि कुंपणालगतचा, पाऊल टाकलं की गोळी घालायचा पट्टा वजा करा.

पाणी एका ओढ्याचं. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि भटारखाना, खालच्या अंगाला कैद्यांचे संडास. कुंपणाच्या ओंडक्यांनी प्रवाह तुंबायचा, मैला दलदलीत साचायचा. ही आखणीची चूक, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची केलेल्या नाकेबंदीने घडवलेली नव्हे. सभोवती पाइनचं रान होतं. गुलामांकडून ते तोडून घेऊन कुंपण उभं राहिलं; कैद्यांना मात्र निवाऱ्याला आणि चुलीला पुरेसं लाकूड मिळालं नाही.

एल्मायराचा मुद्दा खरा आहे. सुमारे बारा हजार कैद्यांपैकी तीन हजारांच्या आसपास दगावले, थंडीने आणि सांडपाण्याच्या तळ्याकाठच्या रोगांनी. उत्तरेने सूड म्हणून कैद्यांचा शिधाही कापला होता. फक्त एक अडचण आहे: एल्मायरात अन्न होतं, तरी माणसं मेली. मग अँडरसनव्हिलचा सगळा दोष रिकाम्या कोठारावर कसा ढकलता येईल? मजकुराचा शेवटचा मुद्दा त्याच्याच मधल्या मुद्द्याला छेद देतो.