‘भारतात बंदी घातलेले रामायण’: एका संदेशाचा प्रतिवाद

रामनवमीच्या सुमारास पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेची छायाचित्रे नागपूरकरांच्या मोबाइलवर फिरू लागली की त्यांच्या मागोमाग एक जुना संदेशही फिरू लागतो. यंदा तो मला लक्ष्मीनगरातील एका निवृत्त स्नेह्यांकडून आला. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. संदेशाचा आशय असा: ‘जपानच्या घिबली स्टुडिओने १९९२ मध्ये रामायणावर ॲनिमेशनपट काढला. बाबरी मशीद पडल्यामुळे भारत सरकारने घाबरून त्यावर बंदी घातली. एकाही भारतीयाने या कामाला हात लावला नाही. जपान्यांनी ते एकट्यानेच पूर्ण केले आणि भारतीयांना हा चित्रपट बघायला २०२५ साल उजाडावे लागले.’ सोबत राम आणि रावण यांच्या युद्धाची एक छोटी चित्रफीत होती. खाली काकांनी स्वतः लिहिले होते, ‘हे खरं असेल तर लाजिरवाणं आहे. तू बघून सांग.’

बघून सांगण्यासारखे बरेच आहे. चित्रपट खरा आहे. त्याचे नाव ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’. त्याची निर्मिती अडचणीत सापडली हेही खरे आहे. संदेशातील उरलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मात्र एक तर चुकीची आहे किंवा चुकीच्या वर्षाला जोडलेली आहे.

प्रथम बंदीचा मुद्दा घेतो, कारण बाकीचा संदेश त्याच खुंटीवर टांगलेला आहे. आपल्याकडे चित्रपटावर बंदी येते ती ठरावीक मार्गांनी येते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली त्याला प्रमाणपत्र नाकारले जाते, दिलेले प्रमाणपत्र स्थगित किंवा रद्द होते, अथवा एखादे राज्य कायदा आणि सुव्यवस्थेचे कारण देऊन त्याचे प्रदर्शन थांबवते. या चित्रपटाच्या बाबतीत घडले ते याच्या उलट होते. जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, आणि हा महोत्सव त्या काळी केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे चित्रपट महोत्सव संचालनालय भरवत असे. मशीद पडली ६ डिसेंबर १९९२ रोजी. म्हणजे ज्या सरकारने घाबरून बंदी घातली असे संदेश सांगतो, त्याच सरकारने दीड महिन्याच्या आत, देशात दंगलींची धग कायम असताना, हा चित्रपट राजधानीत पाहुण्यांसमोर दाखवला.

त्या वेळी देशभरच्या चित्रपटगृहांत तो मोठ्या प्रमाणावर लागला नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. पण चित्रपट न लागणे आणि चित्रपटावर बंदी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसा निकष लावायचा म्हटला तर दरवर्षी तयार होऊन डब्यात पडून राहणाऱ्या कितीतरी मराठी चित्रपटांवरही बंदीच आहे असे म्हणावे लागेल.

मग बंदीची ही गोष्ट आली कुठून? तिच्या मुळाशी एक खरा नकार आहे, आणि तो १९९२ चा नसून त्याच्या बराच आधीचा आहे. जपानी दिग्दर्शक युगो साको १९८३ मध्ये भारतात आले होते ते एका माहितीपटाच्या निमित्ताने. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी अलाहाबादजवळ रामायणाशी संबंधित स्थळांचे जे उत्खनन केले, तो त्या माहितीपटाचा विषय होता. त्याच सुमारास एका भारतीय इंग्रजी दैनिकाने साको नवा रामायणपट काढत आहेत अशी चुकीची बातमी छापली. ती वाचून विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे निषेधाचे पत्र पाठवले. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा आहे, परक्या माणसाने त्यावर मनाला येईल तसा चित्रपट काढू नये, असा त्याचा रोख होता. पुढे गैरसमज दूर झाला. गंमत अशी की, चुकून छापलेली ती बातमी साकोंनीच नंतर खरी केली. रामायणाची अनेक रूपे वाचून ते त्यात इतके रमले की दोन्ही देशांनी मिळून ॲनिमेशनपट करावा असा प्रस्ताव त्यांनी भारतापुढे ठेवला. राम देव आहे, तेव्हा त्याची भूमिका एखाद्या नटाला देण्यापेक्षा त्याला चित्रातून उभे करणे अधिक योग्य, अशी त्यांची धारणा होती. भारत सरकारने सुरुवातीला अनुकूलता दाखवली आणि नंतर सहनिर्मितीतून अंग काढून घेतले. रामायण हा नाजूक विषय आहे, तो कार्टूनच्या रूपात दाखवता येणार नाही, असे कारण देण्यात आले. अयोध्येचा वाद तेव्हा तापत चालला होता आणि त्याची छाया या प्रकल्पावर पडली, हेही खरे. परिणामी सारी निर्मिती जपानमध्ये हलवावी लागली. पण सोयरीक नाकारणे म्हणजे गावबंदी करणे नव्हे. संदेशकर्त्याने सहनिर्मितीचा नकार उचलला, त्याला प्रदर्शनबंदीचे नाव दिले आणि तो १९९२ च्या डिसेंबरात नेऊन बसवला.

या नकाराचा अर्थ सरकारला रामायणाचेच वावडे होते, असा लावता येत नाही. २५ जानेवारी १९८७ पासून सरकारच्याच दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडत राहिली. अडचण कथेची नव्हती, ‘कार्टून’ या शब्दाची होती, असे माझे मत आहे. आपल्याकडे कार्टून म्हणजे आधी व्यंगचित्र, आणि व्यंगचित्र म्हणजे कुणाच्या तरी नाकाची किंवा पोटाची टिंगल. त्यानंतर मग मुलांना जेवता जेवता दाखवायची करमणूक. दिल्लीतील अधिकाऱ्यापुढे ‘रामाचे कार्टून’ असा कागद आला असेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. वास्तविक अमर चित्र कथेच्या पानांवर चितारलेला राम तोवर घरोघरी पोहोचला होता आणि त्यावर कुणाची हरकत नव्हती. स्थिर चित्रातला राम चालतो, पण तेच चित्र हलू लागले की त्याचे कार्टून होते, हा गोंधळ त्या काळच्या नकारापेक्षा जास्त टिकाऊ ठरला आहे. मोठ्यांसाठीचा ॲनिमेशनपट म्हटले की आजही आपल्याकडे भुवया वर जातात.

घिबलीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. घिबली स्टुडिओचा १९९२ चा चित्रपट ‘पोर्को रोसो’ हा होता. ‘रामायण’ साकोंच्या निप्पॉन रामायण फिल्म कंपनीने काढला. चित्रशैलीतील साम्य हे त्या काळच्या जपानी ॲनिमेशनचे सर्वसाधारण साम्य आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

‘एकाही भारतीयाने हात लावला नाही’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण अभिमानाच्या भरात ते आपल्याच माणसांची नावे पुसून टाकते. चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून तीन नावे आहेत: युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. राम मोहन १९५० च्या दशकात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले आणि डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकले. ‘शतरंज के खिलाडी’मधील ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय ॲनिमेशनचे जनक असे त्यांना म्हटले जाते. संगीत वनराज भाटिया यांचे, म्हणजे ‘अंकुर’, ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ला संगीत देणाऱ्या माणसाचे. संस्कृत गीते वसंत देव यांची. हे नाव तरी मराठी वाचकाने ओळखायला हवे. मराठी नाटके हिंदीत नेणारे आणि ‘सारांश’च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हे देव या पडद्यावरही आहेत आणि संदेशाने त्यांना बेदखल केले आहे.

शिवाय हे काम केवढे होते याचा हिशेब मांडून पाहावा. चित्रपट १३५ मिनिटांचा, म्हणजे ८,१०० सेकंदांचा आहे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर १,९४,४०० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले आणि पडद्यावर एकच पात्र हलते असे मानले, तरी ९७,२०० चित्रे लागतात. लंकेच्या युद्धात पात्रे किती असतात ते सांगायला नको. हे सगळे संगणकाविना, पारदर्शक तावांवर हाताने रंगवायचे होते. त्यासाठी दोन्ही देशांचे मिळून सुमारे ४५० कलावंत राबले. धोतर कसे नेसतात, मोठ्यांचा आशीर्वाद घेताना मुले कशी वाकतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय सहकाऱ्यांनी समजावून दिले. धोतर नेसून बसणे आणि बसल्यावरून उठणे यांत कापड कसे वागते, हे टोकियोतल्या चित्रकाराला कुणीतरी दाखवल्याशिवाय कळणार नाही. सहनिर्मिती कागदावर मोडली, पण चित्राच्या मेजावर ती चालूच राहिली.

उरला २०२५ चा मुद्दा. त्या वर्षी २४ जानेवारीला हा चित्रपट ४के स्वरूपात भारतातील चित्रपटगृहांत लागला, हे बरोबर आहे. पण ते पुनःप्रदर्शन होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तो इथल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागला होता आणि पुढे मुलांच्या वाहिन्यांवर वारंवार दाखवला गेला. नागपुरात मे महिन्यातील दुपारी उंबऱ्याबाहेर पाय ठेवण्याची सोय नसते, तेव्हा खसच्या कूलरसमोर पालथे पडून कुंभकर्णाला उठवण्याचा प्रसंग पाहिलेली माझ्या पिढीतील माणसे कितीतरी आहेत. त्यांतील बऱ्याच जणांनी हाच संदेश पुढे पाठवला, हे मात्र मला अजून उलगडलेले नाही.

काकांना हे सगळे लिहून पाठवले, तेव्हा त्यांनी विचारले की पुरावा काय. पुरावा त्यांनीच पाठवला होता. संदेशासोबतच्या चित्रफितीत रावण हिंदी बोलतो आणि त्याचा आवाज अमरीश पुरी यांचा आहे. रामाला आवाज अरुण गोविल यांनी दिला आहे. चित्रपटाच्या मूळ आवृत्तीतील संवाद इंग्रजीत होते. हिंदी आवाज नंतर बसवले गेले, ते अर्थातच भारतातील प्रेक्षकांसाठी. आणि अमरीश पुरी १२ जानेवारी २००५ रोजी वारले.