आमच्या इंजिनाचं आडनाव

माझ्यासमोर आत्ता आमच्या जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीचं बिल पडलंय. त्यावर कॉम्प्युटरने छापलंय, मेक: मायको, मॉडेल: जर्मन. मायको ही बंगळूरची कंपनी, १९५१ ची, २००८ मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं. तिची ओळख नोझल, डिझेलचे पंप आणि प्लग ह्यांची. आमचं इंजिन तिच्या जन्माच्या बरंच आधीचं. आणि 'जर्मन' नावाचं मॉडेल नसतं हे आता मी कोणाला आणि कितीदा सांगू.

इंजिन आत्याच्या सासऱ्यांचं. कराडजवळ कृष्णेकाठी त्यांची विहीर होती, तिथली मोट सुटली तेव्हा हे आलं. एक सिलिंडर, दोन बाजूंना आऱ्यांची दोन चाकं, वर पाणी ओतायची लोखंडी टाकी, ते पाणी उकळत राहतं आणि इंजिन थंड राहतं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. आत्या म्हणाली ने बाबा एकदाचं, गोठ्यात पाय ठेचतो सगळ्यांचा, म्हणून मी आणलं. पिस्टनच्या रिंग गेल्यात. रिंग हव्या तर कंपनीचं नाव हवं. जुन्या इंजिनाचं काही असेल तर कोल्हापूर, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून छोटा हत्ती करून उद्यमनगरात गेलो.

मिस्त्री भला माणूस. त्याने इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, कंपनी सांगा, रिंग देतो." माझी सगळी अडचणच ती होती. मी ते समजावून सांगायला लागलो आणि तेवढ्यात स्टुलावरचे तात्या उठले.

हे तात्या तिथे कामाला नाहीत. गिऱ्हाईकही नाहीत. मी नंतर विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "बसाय येत्यात." पण स्टूल त्यांचं स्वतःचं, त्याला रेक्झिनची गादी, आणि लेथवरचा पोरगा चहा सांगताना त्यांचा धरूनच सांगतो. बहुतेक प्रत्येक वर्कशॉपला असा एक माणूस मिळत असावा, लायसनबरोबर.

"काय हाय?"

"इंजिन आहे. कोणत्या कंपनीचं ते शोधतोय."

"इकायचं हाय?"

"नाही."

"मग नाव कशाला? सोयरीक करायची हाय व्हय?"

लेथ थांबला. हसायला जमलेली माणसं परत गेलीच नाहीत, तिथेच राहिली. तात्यांनी चष्मा लावला, इंजिनाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, खिशातली किल्ली काढून टाकीवर टिंग टिंग वाजवली, कान लावला, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो त्या आवाजात म्हणाले, "जर्मन."

"कशावरून?"

"वजन बघा की."

मी म्हणालो, तात्या, वजन इंग्लिश इंजिनालाही असतं. त्यावर हातातला कप खाली न ठेवता ते म्हणाले, "इंग्लिश मान्सं नुस्ती च्या पित्यात हो, त्यास्नी हे जमतंय व्हय." मला राहवलं नाही. मी सांगायला लागलो की अहो, डिझेलसाहेबांचं इंजिन ऑग्सबुर्गला नीट चाललं ते १८९७ साली, त्याच्या आधीच अक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या इंग्रजाने १८९० मध्ये तेलाच्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने ती करून विकलीही, पुढे १९१८ मध्ये हीच हॉर्न्सबी लिंकनच्या रस्टनमध्ये मिसळली, ते तुमचं रस्टन... तात्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"वाचा. एम, आय, सी, ओ. मायको."

"तो प्लग आहे, तात्या."

"प्लग कुठं हाय?"

"इंजिनात."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर नाही. मी ते आज कोर्टातसुद्धा देऊ शकणार नाही. तो प्लग आत्याच्या मुलाने, म्हणजे आमच्या बाळूदादाने, त्याच्या स्कूटरचा काढून बसवलाय. इंजिनाचं भोक १८ मिलिमीटरचं, स्कूटरचा प्लग १४ चा, म्हणून मध्ये भोक लहान करणारा बुश आहे, आणि तो बुश शेंबडं पोरही बघू शकतं. पण तात्या पुढे निघाले होते. "मायको म्हंजे बॉश. बॉश म्हंजे जर्मन. मी मगाशी काय म्हनलो?" गर्दीतून कोणीतरी खरंच "व्वा" म्हणालं.

मग एक चेक्सच्या शर्टवाला म्हणाला की हे सातारचं कूपर असणार, त्याच्या मामांकडे होतं असलंच. ह्यात निदान डोकं होतं. साताऱ्याला धनजीशा कूपर ह्यांचा कारखाना होता, नांगरापासून सुरू झाला आणि पुढे इंजिनं करायला लागला. हेच कूपरसाहेब १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. इंजिनवाला माणूस प्रांत चालवतो, ही गोष्ट मला फार आवडते, आताच्या काळात उलटं आहे, प्रांत चालवणारे साखर कारखाने काढतात, असो. पण कूपरचं इंजिन डिझेलचं. मी म्हणालो, डिझेलला प्लग नसतो, ह्याला आहे, तेव्हा हे कूपर नाही.

तात्या म्हणाले, "प्लग मागनं बसीवला आसंल."

मी थांबून परत एकदा मनात जुळवून बघितलं. ज्या प्लगवरून ह्यांनी पाच मिनिटांपूर्वी कंपनी आणि देश दोन्ही ठरवलं, तो प्लग मागाहून बसवलाय असं हे स्वतःच म्हणतायत, आणि तरीही पहिला निकाल कायम आहे. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. लोक माझ्याकडे असं बघायला लागले की मीच विषय भरकटवतोय. तात्यांनी मोठ्या मनाने मला एक संधी दिली, चाकणच्या जावयाला व्हिडिओ कॉल लावला, तो 'क्वालिटीत' आहे. फोन इंजिनावरून फिरवला, खालून, वरून, एकदा चुकून माझ्या तोंडावरून. जावई कानकोंडा होऊन म्हणाला, "पप्पा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." फोन कट.

तात्या म्हणाले, "बघा, न्हाई म्हनला न्हाई."

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. मी काय रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. मी ह्या इंजिनाच्या अंगावरची प्रत्येक खूण वाचली आहे. टाकीच्या कुशीत एक ओतीव आकडा आहे, बघणारा प्रत्येक जण त्यालाच इंजिन नंबर समजतो, पण तो पार्टचा नंबर, साच्यातून आलेला, त्या टाकीच्या प्रत्येक भावंडावर तोच असणार. नटांना मिलिमीटरचा पाना बसत नाही, व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचा, बसतो, पण त्यावरून इंग्लिश ठरत नाही, कारण आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, त्याआधी इथल्या कारखान्यांतही आटे व्हिटवर्थचेच. मॅग्नेटोवर, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्रावर, बी.टी.एच. आहे, ती इंग्लंडातल्या रग्बी गावची कंपनी, पण मॅग्नेटो बहुतेक कारखाने बाहेरूनच घ्यायचे, म्हणजे तोही मोठा प्लगच झाला, फक्त जास्त खानदानी. आणि एका बाजूला पेटंट नंबर आहे, सहा आकडी. १९१६ पासून ब्रिटिश पेटंटांचे नंबर १,००,००१ पासून सलग द्यायला लागले, त्याआधी दर वर्षी एकपासून सुरू व्हायचे, म्हणजे हे १९१६ च्या अलीकडचं एवढं नक्की. मात्र त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे नाहीत. तिथे कोणीतरी ड्रिलने भोक पाडलंय. ब्रॅकेट बसवायला. एवढं मोठं इंजिन, सगळीकडे सपाट लोखंड, आणि ह्याला भोक पाडायला तीच जागा मिळाली. शेवटचे दोन आकडे गेले म्हणजे शंभर पेटंटं चाळायची, ती मी रात्री बसून चाळतोय, त्यात इंजिनाशी दूरचं नातंही नसलेलीच जास्त.

आणि नावाची पाटी. पाटी होती. चार रिव्हेटांची बुडखं आहेत, मध्ये चौकोन आहे, त्यात खंडेनवमीचं हळदकुंकू वर्षानुवर्षं बसून दगड झालंय. ते खरवडताना खाली काहीतरी अक्षरं असतील म्हणून माझा श्वास अडकला होता, खाली सिल्व्हर पेंट, त्याच्या खाली हिरवा, त्याच्या खाली लोखंड. आत्याला फोन केला.

"आत्या, त्यावर पितळेची पाटी होती का गं?"

"होती की. चांगली जाड होती."

"मग गेली कुठे?"

"मोडीत घातली. बंब गळायला लागला होता ना, तो, दोन समया आणि ती पाटी. तपेली आली बघ त्यात, आपण पुरणाला वापरतो ती."

म्हणजे मी लहानपणापासून दर होळीला त्या कंपनीच्या नावातलं पुरण खातोय.

आत्याला तरी काय बोलणार, पण सगळीकडे हेच झालंय. पाटी पितळेची आणि पितळ किलोवर जातं, म्हणून इंजिनं उरली आणि नावं वितळली. ज्या एजंटाने मुंबईच्या बंदरावर ही पेटी उतरवून घेतली असेल त्याची रजिस्टरं रद्दीत गेली असतील, पावती उंदरांनी खाल्ली असेल. बरं, पाटी असती तरी खात्री नाही, कारण दुकानदार आपली पाटी ठोकायचे. अमेरिकेत सीअर्सचं 'इकॉनॉमी' इंजिन मिळायचं, ते करायची इव्हान्सव्हिलची हर्क्युलिस. इंग्लंडात 'अमान्को' म्हणून विकलं जायचं ते यायचं आयोवातल्या वॉटर्लूहून. इंग्लंडातल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचं सहा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं इंजिन राजकोटवाल्यांनी इतकं हुबेहूब ओतलं की आता 'आमच्याकडे लिस्टर आहे' असं कोणी सांगितलं तर मी फक्त मान डोलावतो.

इंग्लंडात ह्या असल्या इंजिनांच्या वेड्यांचे क्लब आहेत. म्हातारी माणसं शेतात ओळीने इंजिनं मांडतात आणि दिवसभर ती नुसती चालवत समोर खुर्ची टाकून बसतात, कशालाही न जोडता. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "पाणी न काढता? नुसतं तेल जाळायचं?" त्यांतल्या एकाला मी मेल केला, फोटो पाठवले, मापं पाठवली. उत्तर अगदी सभ्य आलं. कृपया पाटीचा फोटो पाठवा.

निदान त्याने 'ठाऊक नाही' हे सभ्यपणे कळवलं. आपल्याकडे ते कोणीच म्हणत नाही. मी ज्याला ज्याला विचारलं त्याने त्याने एक नाव सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. पत्ता विचारल्यावरही हेच होतं, पण तिथे निदान चुकलेल्या गल्लीतून परत येता येतं. इथे एकदा 'जर्मन' ठरलं की जर्मन.

तर उद्यमनगरात शेवटी काय झालं, मिस्त्रीने तात्यांचं बोलणं चालू असतानाच पिस्टन काढला, व्हर्निअर लावला, आतल्या खोलीत गेला आणि एका डब्यातून रिंगा घेऊन आला. कोणत्यातरी पंपाच्या इंजिनाच्या होत्या, टोकं थोडी घासून बसल्या. नावाची गरजच पडली नाही. मी विचारलं, मग मघापासून कंपनी कंपनी का करत होतात? तर म्हणे, "बिलाला लागती. मेकचा रकाना मोकळा ठेवला तर सिस्टीम पुढं जात न्हाई." आणि त्याने तात्यांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. इंजिन माझं, पैसे माझे, आणि मेक विचारला तात्यांना. मॉडेलसुद्धा त्यांनाच. मी म्हणालो, अहो, 'अज्ञात' लिहा. तो म्हणाला, "अज्ञात ड्रॉपडाऊनमध्ये न्हाई, साहेब."

कालपर्यंत विषय इथेच थांबला होता. काल आत्याचा फोन, की आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तेव्हा दोन इंजिनं घेतली होती, जोडीने, आणि दुसरं मिरजेच्या चुलत दिरांकडे गेलं ते अजून आहे, पाटीसकट. मला घाम फुटला. लगेच फोन केला. ते म्हणाले आहे की पाटी, वाचून दाखवतो, थांब, चष्मा आणतो. बऱ्याच वेळाने आले आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. इंजिन नंबर, त्याच्या पुढे काही दिसत नाही. एच.पी., त्याच्या पुढे काही दिसत नाही. मेड इन.

"मेड इन काय, काका?"

"पुढं ऑइलपेंट आहे."

"जरा खरवडता का? नाण्याने निघेल."

"छे, छे. परवाच रंग दिलाय सगळा, घराचा, गोठ्याचा, इंजिनाचा. दाराशी असतं ना ते. आता पोराचं लग्न झाल्यावरच हात लावू."

मी म्हणालो ठीक आहे, कधी आहे लग्न?

"मुली बघायला दिवाळीनंतर सुरुवात करू म्हणतोय," काका म्हणाले, "तुझ्या बघण्यात आहे का कोणी?"