हायड्रॉस बंद केलेल्या गुऱ्हाळवाल्यांनो, ठाम राहा

सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, रवा (गुळाची ढेप) फोडला आणि रंग चॉकलेटी निघाला की चारचौघांत शेरा पडतो, "माल काळा आहे." दर तिथंच पडतो. मग गावातली बोलणी: ह्याला गूळ जमत नाही, उगाच सेंद्रियचं खूळ घेतलंय. कोल्हापुरात ज्यांनी ज्यांनी गूळ पिवळा करणारं हायड्रॉस सोडलं, त्यांना हे ऐकावंच लागतं. माझं मत स्पष्ट आहे. रंगावरून बोलणाऱ्यांसाठी हायड्रॉसची पुडी परत उघडू नका.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. ते रसातली मळी (वर येणारा घाणीचा फेस) काढत नाही, नुसता रंग उडवतं आणि गंधकाचा अंश गुळात ठेवतं. साठवणीत हवा लागली की पिवळेपणा जातो, रवा परत काळपटतो. गिऱ्हाईक ज्या रंगाचे पैसे मोजतं, तो त्याच्या घरी टिकतच नाही!

पण सगळी टीका रंगाची नसते. गूळ पाघळतो, खारट लागतो, दाताखाली कचकचतो असं कुणी म्हणालं तर ते ऐकायचंच. तिथं "आमचा नैसर्गिक आहे" हे उत्तर नव्हे.

पाघळण्याचं मूळ बहुतेक वेळा उसाच्या फडातच असतं. कोवळा ऊस, उशिरा टाकलेला युरिया, नाहीतर तोडून दोन-तीन दिवस पडलेला माल. पडलेल्या उसात साखर फुटते, मग रस कितीही आटवा, रवा धरत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत घाण्याला लावा. खारवट रानातला ऊस गुळाला घेऊच नका. को ९२००५ ही जात गुळाला चांगली.

काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, रस गाळूनच घ्या. चुन्याची निवळी बेतानं, जास्त झाली तर गूळ काळवंडतो. १००० लिटर रसाला साधारण २ किलो रानभेंडीची खोडं ठेचून, पाण्यात चोळून तो चिकट रस मळी वर आणायला घाला. मळी उकळी फुटायच्या आधी काढा; एकदा खळखळ सुरू झाली की ती रसातच मिसळते. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास काहील उतरवा. गार पाण्यात थेंब टाकला की कडक गोळी व्हायला हवी. उशीर झाला तर करपट वास येतो, आणि मग "काळा" म्हणणारा खरंच बोलत असतो.

प्रत्येक आधणाचा (एका वेळी काढलेल्या गुळाचा) एक छोटा रवा बाजूला ठेवा, त्यावर फड, जात, तोडीची तारीख लिहा. पुढच्या सौद्याला त्याच व्यापाऱ्यासमोर जुना रवा फोडून दाखवा. आणि पिवळ्या मालाच्या रांगेत तुमचा माल लावूच देऊ नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. हायड्रॉस नसलेल्या गुळाची तपासणी करून त्याचा सौदा वेगळा काढा, ही मागणी बाजार समितीकडे सगळ्यांनी मिळून लावून धरा.